एकेकाळच्या पबचं गवती छप्पर बदलताना

इंग्लंडमध्ये लिस्टेड घर, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित घर, त्यातही गवती छपराचं, घ्यावं का असं विचारणारे मेसेज मला अधूनमधून येतात. दोन ओळींत उत्तर देता येत नाही, आणि फोनवर सांगायला बसले की समोरचा माणूस वटवाघळांपाशी येऊन गळतो. म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. आकडे आमचे आहेत. तुमचं घर, तुमचं कौन्सिल आणि तुमचा थॅचर, म्हणजे गवती छप्पर घालणारा कारागीर, वेगळा असेल.

घर डेव्हन काउंटीत आहे, एक्सेटरपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. गावाचं नाव देत नाही, कारण गाव लहान आहे आणि पब बंद होऊन राहतं घर झालेलं तिथं एकच. लांबुळकं, बुटकं, पांढरं घर. दगडी जोतं, त्यावर कॉबच्या भिंती आणि वर गव्हाच्या काडाचं छप्पर. कॉब म्हणजे चिकणमाती, काड आणि पाणी एकत्र तुडवून, फळ्यांचा साचा न लावता थरावर थर चढवत नेलेली भिंत. आमच्या भिंती काही ठिकाणी अडीच फुटांच्या वर जाड आहेत. कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट दिले की झालं, असं डेव्हनमध्ये म्हणतात. बूट म्हणजे जोतं, टोपी म्हणजे छप्पर. आमचे बूट ठीक होते, टोपी गेली होती.

फेब्रुवारी 2022 मध्ये आमची ऑफर मान्य झाली. अशा घरासाठी साधा सर्व्हे पुरत नाही, लेव्हल 3 चा बिल्डिंग सर्व्हेच करून घ्यावा, आणि तोही कॉब कळणाऱ्या माणसाकडून. ओल मोजायचं काटेरी मीटर मातीच्या भिंतीला लावून 'ओल आहे, रसायन टोचा' असं लिहिणारे सर्व्हेयर आहेत, त्यांना टाळा. आमच्या सर्व्हेयरने 1100 पौंड घेतले आणि ते सार्थकी लागले. पुढच्या पाख्यावर छप्पर इतकं झिजलं होतं की ते दाबून धरणाऱ्या आडव्या काठ्या वर दिसायला लागल्या होत्या. त्या दिसल्या की छपराचं आयुष्य संपत आलं. दुसरं म्हणजे भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. सिमेंटमुळे मातीतली ओल आतच कोंडते, आणि पुरेशी भिजली की कॉबची भिंत अक्षरशः खाली बसते. हा अहवाल दाखवून किंमत बरीच खाली आणता आली.

सॉलिसिटरच्या कागदांत दोन गोष्टी निघाल्या. जुन्या दस्तात ब्रुअरीने घातलेली अट होती, की या जागेत पुन्हा कधी दारू विकायची नाही. पब बंद करून घर विकताना ब्रुअऱ्या अशी अट सर्रास घालत. नवरा थोडा हिरमुसला, बाकी काही नाही. दुसरी गोष्ट गंभीर होती. आधीच्या कुणीतरी परवानगी न घेता काही बदल केले होते. लिस्टेड इमारतीत परवानगीशिवाय काम करणं हा 1990 च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. गुन्हा ज्याने केला त्याचा, पण ते काम पूर्ववत करायची नोटीस मात्र सध्याच्या मालकाला येऊ शकते, आणि तिला काळाची मर्यादा नाही. यावर 'इन्डेम्निटी पॉलिसी', म्हणजे अशा नोटिशीच्या खर्चाचा विमा, घ्या असा सल्ला मिळतो. ती घ्यायची तर एक अट नीट वाचा. त्या कामाबद्दल तुम्ही कौन्सिलशी बोललात तर पॉलिसी बहुधा रद्द होते. आम्हाला पुढे कौन्सिलशी बोलायचंच होतं, म्हणून पॉलिसी न घेता आधीच विचारून घेतलं. जुलै 2022 मध्ये किल्ल्या हातात आल्या.

विमा हा पहिला धक्का. नेहमीच्या कंपन्या गवती छप्पर म्हटलं की फोन ठेवतात. खास अशा घरांचा विमा करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे वर्षाचा हप्ता साडेअकराशे पौंडांच्या आसपास बसला. अटींत वर्षातून दोनदा धुराडं साफ केल्याचं प्रमाणपत्र, वायरिंगची दर पाच वर्षांनी तपासणी, अंगणात शेकोटी नाही, आणि धुराड्याचं तोंड आढ्यापासून किमान 1.8 मीटर उंच. आमचं भरत नव्हतं. याचं कारण मजेदार आहे. छप्पर बदलताना जुनं सगळं न काढता त्याच्यावरच नवा थर चढवायची इथली रीत. शतकानुशतकं थर चढत गेले, आढं वर वर सरकलं आणि धुराडं होतं तिथंच राहिलं. धुराडं उंच होईपर्यंत चूल पेटवायची नाही या अटीवर विमा मिळाला, आणि पहिला हिवाळा आम्ही विजेच्या हीटरवर काढला. बिल सांगत नाही.

आता घराच्या आतल्या रचनेबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. डेव्हनच्या जुन्या घरांचा ठरलेला आराखडा असतो: तीन खोल्या एका ओळीत, आणि समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार जाणारा बोळ. बोळाच्या एका बाजूला हॉल, हॉलपलीकडे आतली खोली, बोळाच्या दुसऱ्या बाजूला दुधदुभत्याची खोली. मुळात हॉलला माळा नव्हता आणि धुराडंही नव्हतं. जमिनीवर मधोमध आग, धूर वर जाऊन छपरातून वाट काढणार. सोळाव्या-सतराव्या शतकात मोठी दगडी चूल आणि धुराडं बांधलं गेलं, तुळया टाकून माळा झाला. बोळ आणि हॉल यांच्यामध्ये ओकच्या जाड उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या खाचांत बसवलेल्या फळ्यांची भिंत आहे, हीही या भागाची खासियत. त्या भिंतीत छातीच्या उंचीवर दोन फळ्या कापून चौकोनी भोक केलेलं आहे, खाली घासून गुळगुळीत झालेली फळी. तीच पबच्या काळातली बिअर द्यायची खिडकी.

पबच्या खुणा एवढ्याच, आणि त्या शोधाव्या लागतात. उत्तरेकडची दुधाची खोली पिंपांची झाली, म्हणून तिच्या दगडी फरशीला दाराकडे उतार आणि कडेने नाली. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत पाटी टांगायचा लोखंडी आकडा. खिडकीखाली भिंतीला ठोकलेला बाक. हॉलमध्ये पितळी कठड्याचा भारदस्त बार-काउंटर होता, पाहुणे आले की त्याचेच फोटो काढत. तो 1970च्या दशकातला निघाला. खरा पब असा नव्हताच. गिऱ्हाईक बोळात उभं राहायचं, खिडकीतून बिअरचा पेला मिळायचा, आणि मग हॉलमध्ये चुलीपाशी बसायचं. ड्रूस्टाइनटन गावातल्या 'ड्रू आर्म्स'मध्ये अशी खिडकी बघायला मिळते. तोही गवती छपराचा पब, आणि तिथल्या मेबल मज बाईंनी तो 75 वर्षं चालवून 1994 मध्ये, वयाच्या 99 व्या वर्षी निवृत्ती घेतली. घर घेतल्यावर आम्ही तिथं जाऊन ती खिडकी नीट बघून आलो. अभ्यासाचा भाग म्हणून.

असल्या साध्या शेतकरी घराचा पब का झाला, याचं उत्तर 1830 च्या बिअरहाउस कायद्यात आहे. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी, स्पर्धा वाढावी, म्हणून पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारने परवाना सोपा केला. कर भरणाऱ्या कुणीही दोन गिनी भरायच्या आणि आपल्या घरात बिअर गाळून विकायची, मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज नाही. देशभर हजारो घरांच्या पुढच्या खोल्या पब झाल्या. 1869 मध्ये परवाना पुन्हा मॅजिस्ट्रेटकडे गेला, आणि 1904 च्या कायद्याने जास्तीचे पब भरपाई देऊन बंद करायची सोय केली. आमचं घर याच वाटेने गेलं. एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये 1840च्या सुमाराचा टाइद नकाशा (चर्चच्या दशांश करासाठी केलेला जमिनींचा नकाशा), जनगणनेच्या नोंदी आणि 1850 ची डिरेक्टरी, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांची यादी, बघता येते. डिरेक्टरीत आमच्या घरचा माणूस 'गवंडी आणि बिअर-विक्रेता' असा आहे, पबचं नाव नाही. लहान बिअरहाउसांना बहुतेकदा असंच नोंदवत, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून शोध सोडू नका. म्हणजे पाचेकशे वर्षांच्या घरात पब जेमतेम सत्तर वर्षं. गावात मात्र अजून सगळे 'जुना पब' म्हणतात.

सप्टेंबर 2022 मध्ये थॅचर बघायला आले. साठीतले, मितभाषी. बाहेरून पाच मिनिटं बघितलं आणि टॉर्च घेऊन माळ्यावरच्या पोकळीत शिरले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा हातात काही नव्हतं, फक्त म्हणाले, "वर काही हलवू नका. कॉन्झर्वेशन ऑफिसरला बोलवा." म्हणजे कौन्सिलमधला जुन्या इमारती बघणारा अधिकारी. हॉलवरचे वासे आणि छपराचा सगळ्यात आतला थर डांबरासारखा काळा होता. धुराडं बांधण्याआधीच्या, उघड्या आगीच्या काळातली ती काजळी. म्हणजे तो थर पंधराव्या शतकाच्या शेवटचा किंवा सोळाव्याच्या सुरुवातीचा, आणि काजळीमुळेच किडीपासून वाचलेला. अशी काळी छपरं इंग्लंडच्या दक्षिण भागात काही शेकडाच उरली आहेत, बरीचशी डेव्हनमध्ये. त्यांत त्या काळचा गहू, राय आणि शेतातलं तण लोंब्यांसकट टिकून असतं. 1990च्या दशकात जॉन लेट्स या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांचं मोल लक्षात आलं.

मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं तर पोटात गोळा आला. आता परवानगीला किती वर्षं लागणार, एवढंच डोक्यात. आईला फोनवर सांगितलं. आमचं आजोळ संगमेश्वरकडचं. तिच्या लहानपणी मृगाच्या आधी दरवर्षी घर शाकारायचं काम असे. ती म्हणाली, "केंबळ काढून कौलं घातली तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले होते. आणि तू लाखांनी पैसे मोजून गवत चढवतेयस?" यावर उत्तर नव्हतं. भाताचा पेंढा आपल्या पावसात वर्षभर टिकतो, हे गव्हाचं काड पंचवीस ते पस्तीस वर्षं टिकतं, एवढंच सांगितलं.

नियम साधारण असा आहे: होतं तसंच, त्याच साहित्याने दुरुस्त करत असाल तर सहसा परवानगी लागत नाही. आम्हाला लागणार होती, कारण 1980च्या दशकात पुढच्या पाख्यावर पाणवेताचं, म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या वेतासारख्या गवताचं, छप्पर घातलेलं होतं आणि ते काढून पुन्हा गव्हाचं काड घालायचं होतं. शिवाय धुराडं उंच करायचं, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करायचा, आणि तो बार-काउंटर काढायचा. कॉन्झर्वेशन ऑफिसर नोव्हेंबरमध्ये आल्या. माझ्या मनात सरकारी बाई म्हणजे 'नाही' म्हणायला आलेली बाई, असं चित्र होतं. त्यांनी मात्र पहिल्यांदा तो घासलेला फळीचा तुकडा बोटांनी चाचपला. काउंटरला काही महत्त्व नाही, काढा म्हणाल्या. बिअरच्या खिडकीला हात लावायचा नाही. सोळाव्या शतकातली सुंदर लाकडी भिंत एकोणिसाव्या शतकातल्या कुणा गवंड्याने करवतीने कापली. आज तसं केलं तर कोर्टात उभं राहावं लागेल, आणि त्याने केलेलं भोक बुजवलं तरीही कोर्टात उभं राहावं लागेल. मला हे पटायला वेळ लागला. आता पटलं आहे.

मग वटवाघळं. माळ्यावर लेंड्या दिसल्या. इथे सगळ्या जातींची वटवाघळं आणि त्यांच्या बसायच्या जागा कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे अर्जासोबत सर्व्हे लागतो. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायचा सर्व्हे मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात होतो. आम्ही नोव्हेंबरात उभे, म्हणजे सहा महिने गेले. सर्व्हेवाल्यांच्या तारखा मार्चपर्यंत भरतात, जानेवारीतच बुकिंग करा. 2023 च्या उन्हाळ्यात दोघं जण खुर्च्या टाकून, इन्फ्रारेड कॅमेरे लावून अंगणात बसले. निघाली पिपिस्ट्रेल जातीची काही मोजकी इवली वटवाघळं, पिल्लांची वसाहत नाही. सर्व्हेचे 1900 पौंड, पुढे नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या लायसन्ससाठी तज्ज्ञाचे आणखी 1200. काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करायचं, पिल्लांच्या हंगामानंतर आणि थंडीतल्या निद्रेआधी, हे तिथेच ठरलं.

सप्टेंबर 2023 मध्ये प्लॅनिंग पोर्टलवर अर्ज भरला. लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटला, म्हणजे लिस्टेड इमारतीत बदल करायच्या परवानगीला, फी नाही. पण धुराडं छपरापेक्षा एक मीटर किंवा त्याहून उंच जाणार असेल तर साधी प्लॅनिंग परवानगीही लागते, तिची फी तेव्हा 206 पौंड होती. त्याच डिसेंबरात ती 258 झाली. दोन्ही अर्ज एकत्र भरता येतात. हेरिटेज स्टेटमेंट, म्हणजे घराचं ऐतिहासिक महत्त्व सांगणारा अहवाल, एका सल्लागार बाईंकडून 1400 पौंडांत करून घेतलं. हेरिटेज सेंटरमध्ये मी गोळा केलेली कागदपत्रं दिली नसती तर जास्त पडले असते. आठवड्याने मेल आला की अर्ज 'अवैध', कारण जागेच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. बाण काढला. अर्ज दाखल झाला, फाटकावर नोटीस लागली, हरकतींसाठी 21 दिवस. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीला आम्ही गेलो. पंधरा मिनिटांपैकी बारा मिनिटं एका आजोबांनी पब बंद कसा झाला हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं, तीन मिनिटांत पाठिंब्याचा ठराव झाला.

निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत कौन्सिलने आमच्या संमतीने थोडी वाढवून घेतली. डिसेंबर 2023 मध्ये परवानगी आली, अटींसकट. काळा थर जागचा हलवायचा नाही. आढं साधं, सपाट गुंडाळलेलं असावं; आधी होतं तसं उंच, नक्षी कापलेलं नको, कारण ती नक्षी या भागातली नाही. मला ती नक्षी आवडायची. गेली. चुन्याच्या गिलाव्याचा नमुना आधी भिंतीवर करून दाखवायचा. कुठे अडलात तर सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज या 1877 पासूनच्या संस्थेची सल्ल्याची मोफत फोनलाइन आहे. चुन्याचं मिश्रण आम्ही त्यांनाच विचारून ठरवलं.

काड हा वेगळाच विषय. आजचा गहू बुटका, आणि कंबाइन हार्वेस्टर त्याचं काड चिरडतो. छपराला 'मॅरिस विजन'सारखा उंच, जुना वाण लागतो, खत कमी घातलेला. किंचित हिरवट असतानाच तो कापून पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या रीपर-बाइंडर यंत्राने कापायचा, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवायच्या आणि मग काड न मोडता विंचरून दाणे वेगळे करायचे. असं पिकवणारे शेतकरी मोजके. थॅचरने आदल्या वर्षीच काड राखून ठेवायला आगाऊ रक्कम मागितली होती, आणि ती देताना मी कुरकुरले होते. तुम्ही कुरकुरू नका.

सप्टेंबर 2024 मध्ये परांची उभी राहिली. पहिले काही दिवस नुसतं उतरवणं. काळपट धूळ घरभर, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांखालीसुद्धा. शक्य असेल तर हे दिवस दुसरीकडे काढा. उतरवलेलं जुनं काड शेजाऱ्यांनी बागेसाठी नेलं, कंटेनरचे पैसे वाचले. नंतर वळचणीपासून वर एकेक ओळ चढत गेली. हेझल झाडाच्या चिरलेल्या काठ्या मध्ये पीळ देऊन केसांच्या आकड्यासारख्या वाकवतात आणि खालच्या जुन्या थरात खुपसतात, टोक किंचित वरच्या दिशेने, म्हणजे पाणी काठीवरून आत उतरत नाही. सबंध छपरात अशा हजारो काठ्या आहेत. वळचण भिंतीपासून चांगली पुढे काढलेली असते, कारण गवती छपराला पन्हळ नसते. पाणी थेट खाली, भिंतीपासून दूर पडायला हवं. माळ्यावरच्या खिडक्यांवरून काड भुवईसारखं वळवत नेताना थॅचर एकदाही मोजपट्टी वापरत नव्हते. मधे दहा-बारा दिवस पाऊस लागला, ताडपत्री फडफडत राहिली, आणि लायसन्समधली मुदत उलटते की काय या धास्तीने मी तज्ज्ञाला रोज मेल पाठवत होते. त्यांनी एकदाच उत्तर दिलं, 'मुदत आहे, झोपा.' नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आढं पूर्ण झालं, जाळी बसली.

खर्च: छप्पर 41000 पौंड, परांची 5200, धुराडं आणि त्याचं अस्तर 6300. या तिन्हींवर 20 टक्के व्हॅट. लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांना पूर्वी व्हॅटची माफी होती, ती ऑक्टोबर 2012 पासून गेली. दुरुस्तीला तर कधीच नव्हती. सर्व्हे, स्टेटमेंट, वटवाघळं धरून सत्तर हजारांच्या थोडं खाली. रुपयांत करून बघू नका. आढं मात्र दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा करावं लागतं, त्याचे पैसे आत्तापासून वेगळे टाकतो आहोत.

थॅचर निवडताना एक ध्यानात ठेवा: 'मास्टर थॅचर' म्हणवून घ्यायला कायद्याने कुठली परीक्षा लागत नाही. काउंटीच्या थॅचर-संघटनेकडे चौकशी करा, आणि त्या थॅचरने दहा वर्षांपूर्वी केलेलं छप्पर बघून या. नवं छप्पर सगळ्यांचंच छान दिसतं. चुन्याचं काम थंडीत करता येत नाही, दंवाने गिलावा सुटतो. म्हणून पुढची भिंत आम्ही 2025 च्या उन्हाळ्यात केली. खालून निघालेली माती सुकायला दोन महिने नुसती उघडी ठेवावी लागली आणि पोस्टमन रोज विचारायचा, घर पाडताय का. मागची भिंत पुढच्या मे महिन्यात. तिच्या नमुन्याचा चौकोन कॉन्झर्वेशन ऑफिसरनी पास केला आहे, फक्त चुन्यातली वाळू जरा जाडी वापरा म्हणाल्या.